शस्त्रांची निगा : जबाबदारी कोणाची?



सव्वीस जानेवारीला दिल्लीच्या कर्तव्यपथावरून रणगाडे, तोफा आणि क्षेपणास्त्रवाहू गाड्या डौलाने पुढे सरकतात, तेव्हा पाहणाराचे लक्ष त्यांच्या सामर्थ्याकडे असते. तोफेचा पल्ला किती, रणगाड्याचे वजन किती, यंत्र स्वदेशी की परदेशी, याची चर्चा घरोघरी चालते. ज्याला सैन्याच्या कारभाराची माहिती आहे, तो मात्र निराळेच प्रश्न विचारतो. छावणीत उभ्या असलेल्या यंत्रांपैकी आज सकाळी चालू स्थितीत किती आहेत? आणि जी बंद आहेत, ती चालू करण्याचे काम कोणाचे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर फार मोठ्या प्रमाणात दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

दोन घरचा पाहुणा उपाशी, अशी आपल्याकडे म्हण आहे. प्रत्येक घरास वाटते, पाहुणा दुसरीकडे जेवला असेल. यंत्राचीही अशीच गत होते. चालवणारास वाटते, तेल पाहणे हे मिस्त्रीचे काम. मिस्त्रीस वाटते, एवढे तरी चालवणारा पाहतच असेल. भांडारप्रमुखास वाटते, मागणी आली नाही त्या अर्थी गरज नसावी. यांत कोणी आळशी नसतो की कोणी लबाड नसतो. तरीही यंत्र उपाशी राहते. घरच्या शिवणयंत्राच्या बाबतीत अशा हलगर्जीपणाची किंमत एखादी उसवलेली बाही एवढीच असते. रणांगणावर ती किंमत माणसाच्या प्राणाने चुकवावी लागते. म्हणून लष्करी सामग्रीच्या देखभालीची व दुरुस्तीची वाटणी हा नुसता कचेरीतील कागदाचा विषय राहत नाही.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या, अठराव्या शतकाच्या आरंभीच्या 'आज्ञापत्रा'त गडकोटांच्या व्यवस्थेचे सविस्तर विवेचन आहे. दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा, असे ते सांगते. पण तेवढ्यावर थांबत नाही. ठरावीक दिवसांनी हवालदाराने स्वतः यावे, दारू व बाण बाहेर काढून त्यांस ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावे, अशी स्पष्ट ताकीद त्यात आहे. पावसाळ्यात तोफांना व दरवाज्यांना तेल-मेण देण्याचीही आठवण दिलेली आहे. या छोट्याशा ताकिदीत चार गोष्टी आल्या आहेत : काम कोणते, ते करणारा माणूस कोणता, ते किती दिवसांनी करायचे आणि ते केल्याची खूण कोणती. काम, माणूस, मुदत आणि मुद्रा. यांपैकी एक जरी सुटली, तरी बाकीच्या तिन्ही लंगड्या पडतात. पुढील तीन शतकांत शस्त्रे ओळखू न येण्याइतकी बदलली. पण निगेची ही चार कलमे बदललेली नाहीत.

बदल झाला तो यंत्रांच्या संख्येत आणि गुंतागुंतीत. घोडा आणि भाला यांच्या काळात नालबंद, लोहार आणि शिकलगार फौजेबरोबर असले की काम भागत असे. विसाव्या शतकात फौजेच्या दिमतीला मोटारी आल्या, त्यामागून रणगाडे, बिनतारी यंत्रे आणि रडार आली. दुसरे महायुद्ध सुरू झाले, तेव्हा ब्रिटिश सैन्यात दुरुस्तीचे काम अनेक घरांत विभागलेले होते. शस्त्रे व बहुतेक गाड्या ऑर्डनन्स कोअरकडे, पुरवठा खात्याच्या मालमोटारी त्या खात्याच्या स्वतःच्या वर्कशॉपांकडे, इंजिनिअरांची यंत्रसामग्री इंजिनिअरांकडे, अशी ती वाटणी होती. यंत्र कोणाचे, यावरून दुरुस्ती कोणाची हे ठरत असे. परिणामी एका वर्कशॉपात कामाचा ढीग साचलेला आणि शेजारच्या वर्कशॉपात कुशल कारागीर मोकळा, असे घडू शकत होते.

१९४१ साली ब्रिटिश सरकारने सैन्यातील कुशल कारागिरांचा उपयोग कसा होतो, हे तपासण्यासाठी सर विल्यम बेव्हरिज यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. हे बेव्हरिज म्हणजे पुढे सामाजिक विम्याच्या अहवालामुळे जगभर गाजलेले गृहस्थच होत. त्यांचा जन्म १८७९ साली बंगालमधील रंगपूर येथे झाला होता. सैन्यात फिटर, टर्नर, विजेचे कारागीर यांच्या हाताला त्यांच्या हुन्नराचे काम मिळत नाही, हे समितीने दाखवून दिले आणि यांत्रिक कामासाठी स्वतंत्र दल असावे असे सुचविले. १ ऑक्टोबर १९४२ रोजी 'रॉयल इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स' हे दल अस्तित्वात आले. त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, २३ ऑक्टोबरला, उत्तर आफ्रिकेत अल् अलामीनची लढाई पेटली. त्या वाळवंटातील युद्धाने एक धडा दोन्ही पक्षांना शिकवला होता. मोडलेला रणगाडा जो ओढून नेऊ शकतो, त्याच्या पदरी तो काही दिवसांनी पुन्हा लढतो. जो नेऊ शकत नाही, त्याचा तो कायमचा गेला. दुरुस्तीची गती ही रणगाड्यांच्या संख्येइतकीच मोलाची ठरत होती.

हिंदुस्थानी सैन्यातही हाच मार्ग पुढल्या वर्षी स्वीकारला गेला. ऑर्डनन्स कोअरकडील दुरुस्तीचे काम वेगळे काढून १९४३ साली नवे दल उभारण्यात आले. आजच्या भारतीय सैन्यातील 'कोअर ऑफ इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स', म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ई. एम. ई., १५ ऑक्टोबर हा आपला स्थापनादिन पाळते, तो याच वर्षाच्या स्मरणार्थ. हैदराबादकरांना सिकंदराबादच्या तिरुमलगिरी भागातील या दलाचे महाविद्यालय परिचयाचे आहे. बडोदेकरांना तर ई. एम. ई. स्कूलच्या आवारातील दक्षिणामूर्तीच्या मंदिरामुळे हे नाव घरचेच झाले आहे. १९६६ साली ब्रिगेडियर ए. एफ. यूजीन यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले ते देऊळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यांनी मढवलेले आहे. यंत्रकारागिरांनी आपल्या हातच्या धातूतून देवघर घडवावे, हे त्या दलाला शोभण्यासारखेच आहे.

आता या दलाच्या आगमनाने वाटणी कशी झाली, ते पाहू. मालकीच्या जागी कामाचे स्वरूप हा वाटणीचा पाया ठरला. तीन प्रश्न विचारावयाचे : या दुरुस्तीला वेळ किती लागेल, हत्यारे कोणती लागतील आणि हुन्नर किती लागेल? त्यांच्या उत्तरांवरून कामाची पायरी ठरते.

पहिली पायरी वापरणाराची. मालमोटारीचा चालक सकाळी इंजिनातले तेल, रेडिएटरमधले पाणी, टायरमधली हवा, बॅटरी आणि चाकांचे नट पाहतो. रणगाड्यावरील जवान पट्ट्याचा ताण पाहतात. वाळवंटात हवेची गाळणी झटकून साफ करतात, कारण ती तुंबली तर इंजिनात धूळ शिरते आणि कितीही कसलेला इंजिनिअर ते इंजिन जागच्या जागी वाचवू शकत नाही. शिपाई आपली रायफल रोज पुसतो. यांतील एकाही कामाला मोठी हत्यारे लागत नाहीत. लागते ती नियमितता. ही कामे नीट होतात की नाही, याबद्दल पलटणीचा कमांडिंग ऑफिसर जबाबदार असतो. ती जबाबदारी वर्कशॉपवर ढकलता येत नाही.

दुसरी पायरी पलटणीसोबत राहणाऱ्या छोट्या यांत्रिक तुकडीची. थोड्या वेळात, जागेवर, बिघडलेला भाग काढून नवा बसवणे हे तिचे काम. तिसरी पायरी रणक्षेत्रातील फील्ड वर्कशॉपांची. तेथे इंजिन उतरवून दुसरे चढवता येते, तोफेची यंत्रणा खोलता येते. चौथी पायरी दूर मागे असलेल्या आर्मी बेस वर्कशॉपांची. खडकी, दिल्ली, जबलपूर, मेरठ अशा ठिकाणी ती आहेत. तेथे रणगाडा किंवा तोफ पूर्णपणे खोलून, प्रत्येक भाग मोजून, पुन्हा नव्यासारखी जुळवली जाते. कारखान्यात नवे यंत्र होते, बेस वर्कशॉपात जुन्याचे नवे होते, एवढाच काय तो फरक.

या शिडीचा मुख्य नियम असा की, दुरुस्ती शक्य तितकी पुढे, म्हणजे लढणाऱ्या पलटणीच्या जवळ व्हावी. जे काम ठरलेल्या वेळात पुढे होत नाही, तेच मागच्या पायरीकडे जावे. खालच्या पायरीने वरच्या पायरीचे काम अंगावर घेतले, तर अपुऱ्या हत्यारांनी ते बिघडते आणि गाडी अडकून पडते. वरच्या पायरीने खालच्या पायरीचे काम करायला घेतले, तर मोठ्या दुरुस्त्या खोळंबतात आणि वापरणारा निष्काळजी होतो. एका बंद गाडीचा सुटा भाग काढून दुसरीला लावणे, हेही सोपे वाटले तरी घातक असते. परवानगीवाचून ते सुरू झाले की, आज एक गाडी बंद असते, तेथे महिन्याभरात चार सांगाडे उभे राहतात. म्हणून अशा कामाला वरिष्ठाची लेखी मान्यता लागते.

एवढी व्यवस्था करूनही एक सांधा उरतोच. दुरुस्ती ई. एम. ई.ची, पण सुटे भाग साठवण्याचे व पुरवण्याचे काम ऑर्डनन्स कोअरचे. कारागीर तयार आहे, हत्यारे तयार आहेत आणि एका वॉशरसाठी गाडी उभी आहे, असा प्रसंग जगातील प्रत्येक सैन्याला माहीत आहे. पाहुणा उपाशी राहतो तो बहुधा अशाच सांध्यावर. हा सांधा नाहीसा करता येत नाही. मागणी कोणी, कोणत्या दिवशी नोंदवायची आणि भाग न आल्यास कोणाकडे दाद मागायची, हे आधी ठरवून ठेवता येते.

पहिल्या पायरीकडे दुर्लक्ष झाले की काय होते, याचे दुःखद उदाहरण अमेरिकन सैन्याने व्हिएतनाममध्ये दिले. १९६५ नंतर तेथील सैनिकांच्या हाती एम-१६ ही नवी, हलकी रायफल मोठ्या संख्येने पडू लागली. तिला फारशी साफसफाई लागत नाही, असा समज पसरला होता. साफ करण्याचे साहित्य सर्वांना पुरेसे मिळाले नाही आणि ती साफ कशी करावी याचे शिक्षणही तोकडे पडले. दरम्यान काडतुसांतील दारूचा प्रकार बदलण्यात आला होता. नव्या दारूने काजळी अधिक धरे आणि गोळीबाराचा वेगही वाढे. नळीच्या काडतूसघराला गंज रोखणारा क्रोमियमचा मुलामा दिलेला नव्हता. त्या दमट हवेत रिकामे काडतूस आतच अडकू लागले. ऐन चकमकीत रायफल बंद पडल्याची पत्रे सैनिकांनी घरी पाठवली आणि ती वर्तमानपत्रांपर्यंत व लोकप्रतिनिधींपर्यंत पोहोचली. १९६७ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीने, रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली, चौकशी करून सैन्याच्या व्यवस्थापनावर कडक ताशेरे ओढले.

आज्ञापत्राच्या चार कलमांची कसोटी येथे लावून पाहावी. साफसफाईचे काम अस्तित्वातच नाही, असे गृहीत धरले गेले. त्यामुळे माणूस, मुदत आणि मुद्रा यांचा प्रश्नच उद्भवला नाही. दारू बदलणारे एकीकडे, बंदूक घडवणारे दुसरीकडे आणि ती चालवणारा तिसरीकडे. बदलाचा परिणाम अखेरच्या माणसाला कळवण्याची जबाबदारी कोणाच्याच नावावर नव्हती. पुढे मुलामा दिला गेला, साहित्य पोहोचले, शिक्षण सुरू झाले आणि रायफलीचा लौकिक सुधारला. जे आधी मेले, त्यांना मात्र त्याचा उपयोग नव्हता.

त्या शिक्षणाची रीतही सांगण्यासारखी आहे. अमेरिकन सैन्याने १९५१ पासून देखभालीविषयी एक सचित्र मासिक चालवले होते आणि त्याची चित्रे विख्यात व्यंगचित्रकार विल आयस्नर काढीत असत. एम-१६ची निगा शिकवणारी पुस्तिकाही त्यांच्याच कुंचल्यातून उतरली. जाडजूड नियमावली कपाटात राहते. चित्रांची पुस्तिका शिपायाच्या खिशात जाते. ज्याच्यावर काम सोपवायचे, त्याला समजेल अशा भाषेत ते सांगणे हा जबाबदारी सोपवण्याचाच भाग आहे. न समजलेल्या हुकुमाखाली घेतलेली सही ही जबाबदारीची सही नव्हे.

दुसरे उदाहरण शिडीच्या वरच्या टोकाचे आहे. २ सप्टेंबर २००६ रोजी अफगाणिस्तानात, कंदाहारजवळ, ब्रिटिश हवाईदलाचे निमरॉड जातीचे टेहळणी विमान आकाशात इंधन भरून घेतल्यानंतर थोड्याच वेळात पेटले आणि त्यातील चौदाही जण मृत्युमुखी पडले. गळलेले इंधन एका अतितप्त नळीपर्यंत पोहोचले असावे, असा निष्कर्ष निघाला. हा धोका रचनेतच होता आणि तो विमानात वर्षानुवर्षे दडून होता. विशेष म्हणजे, अशा धोक्यांचा शोध घेण्यासाठी अपघातापूर्वी काही वर्षे एक मोठी सुरक्षातपासणी कागदोपत्री पार पडली होती.

चार्ल्स हॅडन-केव्ह या विधिज्ञांनी सखोल चौकशी करून २००९ मध्ये अहवाल दिला. तपासणी करणारी कंपनी, ती करवून घेणारी संरक्षण खात्याची तुकडी आणि तिच्यावर त्रयस्थ नजर ठेवणारी दुसरी कंपनी, या तिघांनाही त्यांनी दोष दिला. विमान इतकी वर्षे उडते आहे त्या अर्थी ते सुरक्षितच असणार, असे मनाशी धरूनच तपासणी झाली होती. प्रत्येकाने दुसऱ्याच्या परीक्षणावर विसंबून आपली संमती दिली. येथे काम ठरलेले होते, मुदत होती, मुद्राही उमटली होती. पण मुद्रेमागे उभा राहील असा माणूस नव्हता. या अहवालानंतर ब्रिटनने २०१० मध्ये लष्करी विमानांसाठी स्वतंत्र नियामक संस्था स्थापन केली आणि उड्डाणाच्या सुरक्षिततेचा भार समितीवर न ठेवता ठरावीक अधिकाऱ्यांवर, त्यांच्या नावानिशी, टाकला. चौदा माणसांच्या मृत्यूनंतर जे सुचले, ते तत्त्व गडावरच्या हवालदाराच्या ताकिदीहून फार निराळे नाही.

हा प्रश्न भारताला आज विशेष जवळचा आहे. सैन्याचा खर्च आणि मनुष्यबळ यांचा फेरविचार करण्यासाठी लेफ्टनंट जनरल दत्तात्रय शेकटकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने डिसेंबर २०१६ मध्ये अहवाल दिला. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने ज्या सुधारणा जाहीर केल्या, त्यांत दुरुस्तीच्या पायऱ्यांची, म्हणजे बेस वर्कशॉपांपासून स्थानिक वर्कशॉपांपर्यंतच्या साखळीची, पुनर्रचना हे एक कलम होते. सरकारी मालकीची बेस वर्कशॉपे खाजगी कंत्राटदाराने चालवावीत, असाही विचार पुढे आलेला आहे. शिवाय नवी विमाने व तोफा विकत घेतानाच काही वर्षांच्या देखभालीचा करार उत्पादकाशी करण्याची पद्धत वाढत आहे. रडार, संगणक आणि दूरसंवेदक यांनी भरलेली सामग्री इतकी गुंतागुंतीची झाली आहे की, घडवणाराचे साहाय्य घेतल्यावाचून भागत नाही.

यात गैर असे काही नाही. ओझरला हवाईदलाचा दुरुस्ती-डेपो आहे, तेथून जवळच विमाने बनवणारा सरकारी कारखाना आहे. गोव्यात दाबोळीला नौदलाची विमाने दुरुस्त करणारे केंद्र आहे आणि वास्कोला जहाजे बांधणारी गोदी आहे. घडवणारा आणि दुरुस्त करणारा यांचा शेजार दोघांनाही फायद्याचा असतो. कंत्राटदार काटकसर आणील, नवी हत्यारे आणील, हेही संभवते. परंतु करार लिहिताना दोन गोष्टी विसरता कामा नयेत. पहिली अशी की, कंत्राटदाराचा कारागीर शांततेच्या काळात मिळतो. गोळीबाराच्या टप्प्यात तो येईलच असे नाही. तेव्हा पुढच्या पायऱ्यांवरचे हुन्नर गणवेशातील माणसांच्या हाती राहिलेच पाहिजे, आणि हुन्नर हाती राहते ते रोजच्या कामानेच. मागची सगळी कामे बाहेर गेली, तर पुढच्या पायरीवरचा कारागीर शिकणार कोठे, याचे उत्तर करारातच असावे.

दुसरी गोष्ट अशी की, काम दुसऱ्यास देता येते. त्या कामाबद्दलचे उत्तर देण्याचे कर्तव्य देता येत नाही. कंत्राटदाराने दुरुस्त केलेली तोफ फुटली, तर दंडाची रक्कम करारानुसार वसूल होईल. तोफेमागे उभ्या असलेल्या जवानाच्या घरी निरोप घेऊन जाणारा माणूस मात्र सैन्याचाच असेल. म्हणून दुरुस्ती कोणीही करो, ती तपासून घेणारा, नाकारण्याचा अधिकार असलेला आणि आपल्या नावानिशी ती स्वीकारणारा अधिकारी ठरलेला असला पाहिजे. त्याला नाही म्हणण्याची मोकळीक नसेल, तर त्याच्या सहीला किंमत उरत नाही.

शस्त्रे खरेदी करण्यास पैसा लागतो, आणि तो राष्ट्र मंजूर करते. निगा राखण्यासही पैसा लागतो. पण तो मंजूर करताना टाळ्या पडत नाहीत, समारंभ होत नाहीत. त्यामुळे काटकसरीची कात्री प्रथम तेथेच चालते. ज्या राष्ट्राला आपल्या जवानांची काळजी आहे, त्याने नव्या शस्त्राच्या किमतीबरोबरच त्याच्या आयुष्यभराच्या देखभालीची किंमत विचारली पाहिजे, आणि किंमत कळल्यावर काम, माणूस, मुदत व मुद्रा यांची यादी मागितली पाहिजे.

दुरुस्तीच्या नोंदवहीत शेवटच्या रकान्यात एक सही असते. ती करणारा हवालदार असेल, नायक असेल किंवा बेस वर्कशॉपातील एखादा मुलकी फिटर असेल. त्याचे नाव युद्धाच्या इतिहासात येणार नाही. ज्याचा जीव त्या सहीवर अवलंबून असतो, त्याची व याची बहुधा कधी गाठही पडत नाही. तरीही वर्कशॉपाचा दिवा मालवण्यापूर्वी जो आणखी एकदा पाना लावून नट तपासतो आणि मगच सही करतो, तो त्या अनोळखी जवानाचे रक्षण आपल्या जागी उभा राहून करीत असतो.